एस्टीमला २८८ चा कॅम? आधी टॅकोमीटर बघ

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. गाडी मारुती एस्टीम एमपीएफआय, म्हणजे १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन. ४-२-१ हेडर (चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) लावलाय, फ्री फ्लो एक्झॉस्ट आहे, कोन फिल्टर आहे, बाकी इंजिन स्टॉक, म्हणजे कंपनीचं मूळ. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि अधूनमधून सातारा, महाबळेश्वर. आणि विचारलंय की दादा, २८८ चा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा शाफ्ट) मिळतोय, टाकू का, किती बीएचपी वाढतील, आणि स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तो लंपी (अडखळता) आवाज येईल ना?

आवाज येईल. एवढं एकच उत्तर एका शब्दात देता येतं, बाकीच्याला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट म्हणजे २८८ या नुसत्या आकड्यावरून मला काहीच कळत नाही. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो (ड्युरेशन) ते क्रँकच्या डिग्रीत मोजतात हे ठीक, पण उघडा म्हणजे किती उघडा? कोणी ०.१ मिमी लिफ्टपासून (व्हॉल्व्ह जागेवरून तेवढा उचलला की) मोजायला सुरुवात करतो, कोणी १ मिमीपासून, आणि अमेरिकन लोक ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिमीला मोजतात. एकाच कॅमला एक जण २७२ म्हणेल, दुसरा २३० च्या आसपासचं काहीतरी म्हणेल आणि दोघंही खरं बोलत असतील. म्हणून विकणाऱ्याकडून कॅम कार्ड माग. त्यावर १ मिमी लिफ्टला इंटेक आणि एक्झॉस्टचं वेगवेगळं ड्युरेशन पाहिजे, व्हॉल्व्हची लिफ्ट पाहिजे (नुसत्या लोबची म्हणजे कॅमच्या उंचवट्याची नाही, रॉकर रेशोने गुणून आलेली; रॉकर म्हणजे लोब आणि व्हॉल्व्हमधला तरफेसारखा दांडा), लोब सेपरेशन (इंटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या टोकांमधलं अंतर, कॅमच्या डिग्रीत), इंटेक सेंटरलाइन (पिस्टन टॉपला असल्यापासून इंटेक लोबच्या टोकापर्यंतच्या क्रँकच्या डिग्री) आणि टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) किती ठेवायचा ते पाहिजे. कार्ड नाही म्हणाला आणि "रेसवाल्यांचा आहे, एकदम खतरनाक आहे" एवढंच सांगत असेल तर फोन ठेव. या इंजिनवर आपल्याकडे रेसिंग भरपूर झालंय, एलजीबी फॉर्म्युला या आपल्याकडच्या रेस मालिकेच्या गाड्यांत सुद्धा मारुतीचं १.३ च होतं, त्यामुळे जुने रेस कॅम बाजारात फिरत असतात. पण ती गाडी ट्रॅकवर पाच हजाराच्या खाली फारशी येतच नाही. तुझी येते, आणि रोज येते.

आता तुझं वाचून मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकतो, मग कारणं. तुझ्या वापराला २८८ नको. अ‍ॅडव्हर्टाइज्ड (म्हणजे विकणाऱ्याने छापलेलं ड्युरेशन) २५६ ते २६४ च्या घरातला, १ मिमीला साधारण २२० ते २२८ पडेल असा, लोब सेपरेशन ११० च्या आसपास आणि लिफ्ट स्टॉकपेक्षा पाऊण ते एक मिमी जास्त, एवढा कॅम बघ. तो सुद्धा हेडचं काम आणि ट्यूनिंग यांच्या सोबत, नुसता नाही. नुसता कॅम बदलून स्टॉक मॅप (ईसीयू म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोल आणि इग्निशनचं कोष्टक) ठेवलास तर तीन-चार बीएचपी वर, म्हणजे जास्त आरपीएमला, मिळतील आणि तेवढाच दम खालून जाईल, नाकापेक्षा मोती जड.

कसं ते बघ. आठवडाभर फक्त टॅकोमीटरवर (आरपीएमच्या काट्यावर) लक्ष ठेव. चांदणी चौकातून बाहेर पडताना किती, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये किती, एक्सप्रेसवेला शंभरावर पाचव्यात किती. मी पैजेवर सांगतो की नव्वद टक्के वेळ काटा १२०० ते ३५०० मध्येच फिरेल. पाच हजाराच्या वर तो जातो तेव्हा मजा येते म्हणून तेवढंच लक्षात राहतं, बाकीचा वेळ आपण विसरतो. कॅम निवडायचा तो त्या विसरलेल्या वेळासाठी, आणि मग वरचं जेवढं पदरात पडेल तेवढं घ्यायचं.

आणि फुल खेचतोस तेव्हाचं पण गणित कर, कारण इथे गिअरबॉक्स आडवा येतो. मारुतीच्या या पाच गिअरच्या डब्यात पहिला साधारण ३.४२, दुसरा १.८९, तिसरा १.२८ असा रेशो आहे. ६५०० ला पहिल्यातून दुसऱ्यात टाकलास की इंजिन ३६०० ला येऊन पडतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलास की ४४०० ला. आता २८८ चा कॅम जागा होतो साडेचार हजाराच्या पुढे, म्हणजे प्रत्येक शिफ्टला तू पॉवरच्या बाहेर पडणार, गाडी मिनिटभर विचार करणार आणि मग पळणार. शेजारची स्टॉक स्विफ्ट तोवर निघून गेलेली असते. रेसवाले क्लोज रेशो गिअर टाकतात, ७५०० पर्यंत ओढतात, म्हणून त्यांना तो कॅम पुरतो. तुझा रेव्ह लिमिटर स्टॉक आहे, स्प्रिंगा स्टॉक आहेत, गिअर स्टॉक आहेत.

आता आतमध्ये काय होतं ते. लोक लिफ्ट आणि ड्युरेशन बघतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे इंटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी इंटेक थोडा वेळ उघडाच ठेवतात, कारण जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती वर येणाऱ्या पिस्टनला जुमानत नाही, आत घुसतच राहते. सिलिंडर जास्त भरतो, वरचा दम तिथून येतो. पण २००० आरपीएमला तो वेग नसतो, मग तोच पिस्टन आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो. श्वास घेतलास आणि अर्धा सोडून दिलास. गणित सोपं आहे, ड्युरेशनचे अर्धे अधिक सेंटरलाइन वजा १८०. २५६ चा कॅम १०८ सेंटरलाइनवर बसवला तर इंटेक खालच्या डेड सेंटरनंतर (पिस्टन तळाला पोचल्यावर) ५६ डिग्रीला बंद होतो. २८८ चा १०६ वर बसवला तर ७० डिग्रीला. हे १४ डिग्री कागदावर किरकोळ दिसतात पण तेवढ्या वेळात पिस्टन बराच वर चढलेला असतो, आणि खरं कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच सुरू होतं. म्हणून मोठा कॅम टाकलेल्या इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट घेतली की आकडा खाली येतो आणि मालक घाबरून रिंगा गेल्या म्हणतो. रिंगा ठीक असतात.

यावर इलाज म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन तळाला असतानाची जागा भागिले टॉपला असतानाची) वाढवणे. एका सिलिंडरचे साधारण ३२४.५ सीसी होतात. मूळ रेशो ९ धरला तर वरती उरलेली जागा ४०.६ सीसी, तो १० करायचा तर ३६.१ सीसी पाहिजे, म्हणजे साडेचार सीसी कमी करायचे. ७४ मिमी बोअरच्या हिशेबाने हेडचा एक मिमी उडवला तर जास्तीत जास्त ४.३ सीसी कमी होतात, खरं तर चेंबरचा आकार बघता त्याहून कमीच. म्हणजे मिमीभर किंवा जास्त प्लेनिंग आलं. आता गंमत अशी की हेड खाली आलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन तेवढेच जवळ येतात, आणि कॅमची पुली क्रँकच्या जवळ आल्यामुळे टायमिंग मागे सरकतं, एक मिमीला साधारण क्रँकचे दोन डिग्री. म्हणजे आधीच उशिरा बंद होणारा इंटेक अजून उशिरा. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. स्टॉक पुलीवर हे दोन डिग्री परत आणता येत नाहीत कारण बेल्टचा एक दात म्हणजे क्रँकचे पंधराच्या वर डिग्री होतात. अ‍ॅडजस्टेबल पुली लागते ती यासाठी, इंजिन उघडल्यावर लाल रंग दिसावा म्हणून नाही. प्लेनिंग करताना चेंबर ब्युरेटने (खुणांच्या नळीने) रॉकेल किंवा पाणी सोडून मोजून घे, बोरिंगवाल्याच्या "दहा झाला असेल" वर जाऊ नकोस.

पुलीवरून आठवलं. तुझं इंजिन सिंगल कॅम आहे, इंटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर. त्यामुळे पुली फिरवून तू सगळा कॅम पुढे किंवा मागे करू शकतोस, दोन लोबमधलं अंतर बदलू शकत नाहीस, ते ग्राइंड करतानाच ठरतं. डबल कॅमवाल्यांना दोन पुल्या फिरवून ओव्हरलॅप कमी-जास्त करता येतो, आपल्याला नाही. म्हणून सिंगल कॅममध्ये लोब सेपरेशन नीट बघून घ्यावं लागतं, नंतर सुधारता येत नाही. कॅम चार डिग्री अ‍ॅडव्हान्स केला की इंटेक लवकर बंद होतो, खालचा दम वाढतो, वरचा थोडा जातो. रिटार्ड केला की उलट. रोडच्या गाडीला मी दोन ते चार डिग्री पुढेच ठेवतो. आणि कॅमच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर किंवा सेन्सर असेल तर कॅम हलवल्यावर त्याची पण जागा हलते हे विसरू नकोस, इग्निशन टायमिंग लाइट लावून परत बघायचं.

आता ओव्हरलॅप, म्हणजे तुझा तो लंपी आवाज. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आधी इंटेक उघडतो, काही वेळ दोन्ही उघडे. २५६ चा कॅम ११० सेपरेशनवर असेल तर ओव्हरलॅप ३६ डिग्री. २८८ चा १०८ वर असेल तर ७२. बरोबर दुप्पट. जास्त आरपीएमला चांगला हेडर या वेळात जळका गॅस ओढून घेतो आणि मागोमाग ताजी हवा खेचतो, फायदाच आहे. पण स्लोला काय होतं, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून जळका गॅस उलटा इंटेकमध्ये येतो, पुढचा स्ट्रोक अर्धवट जळतो, एक जळला एक नाही जळला, आणि त्याचा तो ढग-ढग आवाज. म्हणजे तुला जो आवाज आवडतो तो मिसिंगचा आवाज आहे, फक्त महागातला.

आणि तुझ्या गाडीत हे जास्त बोचणार कारण हवा मोजायला मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा, वरचा स्टॉक मॅप वेगळा) आहे. ईसीयू मॅनिफोल्डमधलं प्रेशर आणि आरपीएम बघून ठरवतो की किती हवा आली आणि किती पेट्रोल द्यायचं. स्टॉक कॅमवर स्लोला हे प्रेशर साधारण ३० ते ३५ किलोपास्कल असतं. मोठ्या कॅमने व्हॅक्यूम पडतो, ५० च्या वर जातं आणि सारखं हलत राहतं. ईसीयूला वाटतं ड्रायव्हरने थ्रॉटल दाबलाय, तो पेट्रोल ओततो, मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, मग तो कमी करतो, मग काटा ७०० ते १४०० वर-खाली नाचत बसतो. एसी लावला की बंद. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथे हवेचं प्रेशरच ९५ किलोपास्कलच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, तिथे ८६. म्हणजे व्हॅक्यूम बनवायला मुळात जागा कमी. ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो हे लक्षात घे. वेण्णा लेकच्या गर्दीत स्लोला उभा असताना पेडल दगडासारखं लागलं म्हणून एक जण गाडी घेऊन आला होता, मास्टर सिलिंडर बदलून झाला, बूस्टर बदलून झाला, दोष कॅमचा होता.

पीयूसीचं पण सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. बीएस-२, बीएस-३ च्या चारचाकीला स्लोला सीओ ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा आहे, बीएस-४ ला ०.३ आणि २००. न जळलेलं पेट्रोल ओव्हरलॅपमध्ये सरळ एक्झॉस्टला गेलं की हायड्रोकार्बनचा आकडा उडतो, कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला असेल तर बोलायलाच नको. एस्टीम २००७ ला बंद झाली, म्हणजे तुझी गाडी पंधरा वर्षांच्या पुढे आहे, आरसी रिन्यूअलला आरटीओसमोर उभं राहायचंच आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही असं म्हटलेलं आहे. कॅम बाहेरून दिसत नाही हे खरं, आकडा दिसतो. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला काय करेल ते तू समजून घे. माझ्यापुरतं विचारशील तर २५६ चा कॅम नीट ट्यून केला की स्लो ८५० ते ९०० ला स्थिर राहतो आणि पीयूसीचा आकडा आटोक्यात आणता येतो, २८८ ला मला ते जमेल असं वाटत नाही.

आता कॅम घ्यायचा कुठला, नवीन की रिग्राइंड (जुनाच घासून आकार बदललेला). या इंजिनला बाहेरून मागवलेला नवीन कॅम महाग पडतो, त्यामुळे बहुतेक जण स्टॉक कॅम रिग्राइंड करून घेतात. त्यात वाईट काही नाही. रिग्राइंडमध्ये लोबला टोकावर धातू चढवत नाहीत, खालचं गोल म्हणजे बेस सर्कल घासून कमी करतात, टोक आहे तिथेच राहतं, म्हणून लिफ्ट वाढते. बेस सर्कल खाली गेलं की रॉकर तेवढा खाली बसतो, ती जागा टॅपेटच्या स्क्रूने भरून काढायची. आपल्या इंजिनला स्क्रू आणि लॉक नट आहे म्हणून हे सोपं, बकेट आणि शिमवाल्या इंजिनला जाड शिमा शोधत बसावं लागतं. पण स्क्रू फार बाहेर आला तर रॉकरचा कोन बदलतो, व्हॉल्व्हच्या डोक्यावर मधोमध बसायच्या ऐवजी कडेला घासतो आणि व्हॉल्व्ह गाइड लवकर जाते. म्हणून रिग्राइंडला पण मर्यादा आहे, मिमीच्या पुढे मी जात नाही.

रिग्राइंडमध्ये खरी भीती कडकपणाची. कॅमचा वरचा थर कडक असतो, तो घासून निघाला आणि परत नायट्रायडिंग किंवा निदान फॉस्फेट केलं नाही तर काय होतं ते एका जिप्सीत बघितलंय. इंजिन तेच, जी१३बीबी. गाडी आली ती टॅपेट वाजतात म्हणून. सेट करून दिले, आठवड्यात परत आली, परत वाजतात, आणि फक्त तिसऱ्या सिलिंडरचे. कव्हर काढून टॉर्च मारला तर ऑइलमध्ये चांदीची धूळ, बोटावर घेतली तर चमकते. रॉकरच्या पॅडवर उभे ओरखडे, नख लावलं की अडकत होतं. आणि त्या लोबचं टोक गोल राहिलंच नव्हतं, चपटं झालेलं. मायक्रोमीटर लावला तर बाकीच्या लोबपेक्षा मिमीच्या वर कमी. ज्याने ग्राइंड केला तो म्हणाला ऑइल खराब होतं. हार्डनेसचा रिपोर्ट मागितला तर तो नव्हताच. तर तू काम द्यायच्या आधीच विचार की ग्राइंडिंगनंतर ट्रीटमेंट काय करणार आणि हार्डनेस मोजून देणार का. आणि नवीन लोबवर जुने रॉकर तसेच बसवू नकोस, पॅड रिफेस करून घे किंवा नवीन टाक. जुन्या पॅडवर जुन्या लोबची खूण बसलेली असते.

क्लिअरन्स बघितल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, हे तर लिहून ठेव. पद्धत जुनीच आहे. लहान मुलांची मऊ माती मिळते स्टेशनरीच्या दुकानात, ती पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या जागी चार-पाच मिमी जाड लाव, वरून ऑइलचा हात फिरव म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही. जुनी पण दाबलेलीच हेड गॅस्केट टाक, हेड टॉर्क कर, त्या सिलिंडरचे टॅपेट झिरो क्लिअरन्सला, बेल्ट टायमिंगवर, आणि मग पाना लावून हाताने क्रँकचे दोन फेरे. अडकलं तर जोर करू नकोस, तिथेच थांब. हेड उचल, माती ब्लेडने मधोमध काप आणि सगळ्यात पातळ जागा मोज. इंटेकला निदान २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी पाहिजे. एक्झॉस्टला जास्त का, तर तो गरम होऊन लांब होतो आणि पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो, स्प्रिंग जरा मागे पडली की गाठतो. लोकांना वाटतं पिस्टन अगदी वर असताना धोका असतो, तसं नाही, इंटेक वरच्या डेड सेंटरनंतर साधारण दहा डिग्रीला सगळ्यात जवळ येतो आणि एक्झॉस्ट दहा डिग्री आधी. म्हणून फिरवून बघायचं, नुसतं टॉपला ठेवून नाही. पुली पुढे-मागे करणार असशील तर दोन्ही टोकांना बघ.

स्प्रिंगचं थोडक्यात. जास्त लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना टेकल्या की काहीतरी तुटणारच, पूर्ण लिफ्टला निदान एक मिमी जागा शिल्लक पाहिजे. तेवढीच रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह सीलमध्ये, नाहीतर सील फोडून धूर काढेल. छोट्या कॅमला नवीन स्टॉक स्प्रिंगा बहुतेक वेळा पुरतात, पण पंधरा-वीस वर्षं दाबल्या गेलेल्या जुन्या नाहीत. उगाच रेसच्या कडक स्प्रिंगा टाकू नकोस, जेवढी स्प्रिंग कडक तेवढा लोब लवकर झिजणार. ६५०० ला या इंजिनचा पिस्टन सरासरी १६.४ मीटर प्रति सेकंदाने पळतो, ७५०० ला १८.९, ७४ बाय ७५.५ असं जवळपास चौकोनी इंजिन आहे म्हणून खालचा भाग हे सहन करतो. जुन्या बलेनोवाल्यांनी मात्र आमचं बघून ७५०० ला जाऊ नये, त्यांचा स्ट्रोक ९० मिमी, तिथे तोच आकडा साडेबावीस होतो. उलट त्यांना एक फायदा आहे, १५९० सीसीमुळे तोच कॅम त्यांच्याकडे छोटा वागतो. ज्या २६४ ला तुझी एस्टीम जरा आळसावेल त्याला बलेनो मजेत खेचते.

टर्बोवाले आणि व्हीव्हीटीवाले (इंजिन चालू असताना व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारे) यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. टर्बोत एक्झॉस्टचं प्रेशर बऱ्याचदा इंटेकपेक्षा जास्त असतं, तिथे ओव्हरलॅप कमीच बरा. व्हीव्हीटीत फेझर (कॅमच्या पुलीतली यंत्रणा) कॅम स्वतःच पुढे-मागे करतो, त्यामुळे क्लिअरन्स पूर्ण रेंजमध्ये बघावा लागतो.

ट्यूनिंगला पैसे बाजूला ठेव, कॅमच्या आधी ठेव. स्टॉक मॅप नवीन कॅमला ओळखत नाही. पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा) असो की स्टँडअलोन (त्याच्या जागी बसवायचा), वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) किंवा निदान रस्त्यावर लॉग घेऊन पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही नव्याने बसवावे लागतात. मिश्रण लॅम्बडामध्ये बघ (कुठल्याही पेट्रोलला बरोबर मिश्रण म्हणजे १), एअर फ्युएल रेशोमध्ये नको, कारण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) आहे, साध्या पेट्रोलला जिथे १४.७ लागतं तिथे ई२० ला साडेतेराच्या आसपास, आणि जुन्या आकड्यांवर ट्यून करणारे अजून भरपूर आहेत. त्याच कारणाने इंजेक्टर आणि पंप स्वच्छ आहेत का ते आधी बघ, ई२० ला तसंही पेट्रोल जास्त लागतं, वरून कॅम.

तर मी असतो तर क्रम असा लावला असता. आधी लीक डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं), कारण पंधरा वर्षं जुन्या रिंगा-व्हॉल्व्हवर कॅम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह सीट तीन अँगलमध्ये कापायच्या, गाइड बघायच्या, पोर्टमधल्या कास्टिंगच्या कडा साफ करायच्या, पोर्ट मोठे करायचे नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. हेडचं प्लेनिंग हिशेबाने. मग २५६ चा रिग्राइंड, नवीन स्प्रिंगा, सील, अ‍ॅडजस्टेबल पुली, बेल्ट आणि टेन्शनर नवीन. मग ट्यूनिंग. मूळ ८५ बीएचपी आहेत, हे सगळं धरून दहाएक वाढले तर समाधान मान. आकडा छोटा वाटतो पण नऊशे किलोच्या आतली गाडी आहे, आणि खंबाटकी चढताना तिसऱ्यात जी ओढ लागते ती तुला कळेल. हे करूनही समाधान झालं नाही तर हेड तयार आहेच, मोठा कॅम नंतर बसवता येतो.

बसवताना लोबवर आणि रॉकर पॅडवर मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) पेस्ट लाव, सढळ हाताने. ऑइल आणि पेट्रोलचं प्रेशर आधी चढवून ठेव म्हणजे सेल्फ मारत बसावं लागणार नाही. एकदा सुरू झालं की स्लोला सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० वर, काटा थोडा वर-खाली करत वीस मिनिटं. स्लोला लोबवर ऑइल कमी उडतं आणि स्प्रिंगचा जोर सगळ्यात जास्त तेव्हाच टोकावर पडतो, नवीन लोब तिथेच मरतात. मग ऑइल आणि फिल्टर बदल, जुनं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये ओतून चुंबक फिरव. आपल्या रॉकरला रोलर नाहीत, घासतात, त्यामुळे झिंक-फॉस्फरस असलेलं ऑइल पाहिजे. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्याची मर्यादा घातलेली आहे, म्हणून चांगल्या कंपनीचं १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० घे.

टॅपेट पाचशे किलोमीटरला एकदा आणि हजारला परत फिलर गेज लावून बघ, क्लिअरन्स कार्डावरचा ठेवायचा, मारुतीच्या मॅन्युअलमधला नाही, कारण लोबचा रॅम्प बदललाय. दोन वेळा बघून आकडा तिथेच असला की कॅम बसला. एखादा वाढत चालला असेल तर कव्हर काढून तोच लोब आधी बघ.

विकणाऱ्याने कार्ड दिलं तर १ मिमीचे आकडे इथे टाक, टायरचा साइज पण लिही, इंटेक कुठे बंद होतो ते काढून देतो. आणि तो २८८ वाला कार्ड द्यायला तयार झाला तर ते पण टाक, बघू तरी काय आहे ते.